पार्श्वभूमी : लेव्हल संपली, तरी पोरं लॉगिन का करतात?

जुळे सोलापूर असो की पूर्व भाग, ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या पोरांच्या गप्पांत हल्ली लेव्हलचा विषयच निघत नाही. ती सगळ्यांचीच भरलेली असते. रेझिन (बक्षीस घ्यायला खर्चावी लागणारी, वेळेनुसार भरणारी ऊर्जा) वाया गेलं का, या आठवड्याचे बॉस (मोठे शत्रू) झाले का, आर्टिफॅक्टला (अंगावर चढवायच्या वस्तूला) क्रिट (जबर फटक्याचा गुण) लागलं का, यावर बोलणं चालतं. शेजारी चहा पिणाऱ्याला हे रिकामटेकडेपणाचं वाटेल. पण लेव्हल संपल्यावर खेळाडूला धरून कसं ठेवायचं, हा प्रश्न या खेळांइतकाच जुना आहे आणि त्याचं उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत आलंय. त्या बदलांत एक गोष्ट हळूहळू हातातून सुटली : खेळायची वेळ ठरवायचा अधिकार. आधी ती सोबतचे खेळाडू ठरवायचे. आता कंपनी ठरवते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९७८ साली इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात निव्वळ मजकुरावर चालणारा 'मड' तयार झाला. त्यात सगळ्यात वर पोचलेला खेळाडू 'विझर्ड' व्हायचा आणि खेळ चालवायचे काही अधिकारच त्याच्या हाती यायचे. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये लेव्हल नव्हत्या. कौशल्यांचे मिळून ७०० गुण भरले की पुढे घर, दुकान आणि मारामाऱ्या. रॅग्नारॉकने ९९ व्या लेव्हलला पोचलेल्याला चक्क पुनर्जन्म दिला : पुन्हा एकपासून सुरुवात, पण अंगात ताकद जास्त. आपल्याकडे ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागली नाही. रनस्केपचं गणित सगळ्यात निर्दय. एका कौशल्यात ९९ गाठायला १,३०,३४,४३१ अनुभव-गुण लागतात आणि ९२ व्या लेव्हलला त्यातले ६५,१७,२५३ झालेले असतात. म्हणजे ९२ ला पोचलेला गडी अर्ध्या वाटेवरच उभा असतो.

लेव्हल संपल्यावरच्या खेळाला आज आपण एंडगेम म्हणतो; त्याचा साचा १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये पडला. तिथला मोठा ड्रॅगन अख्ख्या सर्व्हरला मिळून एकच. मेला की परत उगवायला कित्येक दिवस. जो गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, माणसं गोळा करून आधी पोचेल, त्याचा. त्यामुळे ड्रॅगन उगवला की रात्री-अपरात्री फोन करून माणसं उठवायची पद्धत पडली. लूट दोन-चार वस्तूंची आणि हात डझनावारी, म्हणून एका गिल्डने हजेरीवर गुण देणारा हिशोब काढला : ड्रॅगन किल पॉइंट्स, म्हणजे डीकेपी. भिशीच समजा. रोज हजर राहून गुण साठवायचे आणि आपली वस्तू पडली की ते मोडायचे. डीकेपी साठलेला माणूस खेळ सोडून जात नसे, कारण साठवलेलं दुसरीकडे चालत नव्हतं. कंपनीने न बनवलेली ही व्यवस्था कंपनीच्या कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त माणसं टिकवून होती.

नोव्हेंबर २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि त्याने ड्रॅगनची रांग मोडली. प्रत्येक गटाला बॉसची स्वतंत्र प्रत, पण आठवड्यातून एकदाच. मोल्टन कोअरमध्ये ४० जण घेऊन जायचं, दहा बॉस मारायचे आणि पुढच्या रीसेटची, म्हणजे बॉस पुन्हा उभे राहायची, वाट बघायची. २००७ मध्ये ४० चे २५ झाले, आणि त्याच वर्षी 'डेली क्वेस्ट'ही आले : रोज तेच काम, रोज थोडे पैसे, थोडी पत. तेव्हा ती किरकोळ भर वाटली होती.

सोलापुरात हा खेळ याच काळात आला, तोही आडवाटेने. महिन्याचे पंधरा डॉलर भरायला क्रेडिट कार्ड हवं, ते बहुतेक घरांत नव्हतं. म्हणून बरीच पोरं अनधिकृत खासगी सर्व्हरवर खेळली. तिथे अनुभव-गुण कित्येक पटींनी मिळत आणि दोन-तीन दिवसांत लेव्हल भरून जाई. पुढचे बॉस मात्र अर्धे बिघडलेले. कोणी हलायचंच नाही, कोणी एका फटक्यात मरायचा. मग शहराच्या दारात उभं राहून द्वंद्वयुद्ध खेळणं आणि नवीन घोडा मिरवणं, एवढाच एंडगेम. लेव्हल पटकन भरली की खेळ पटकन संपतो, हे या पोरांना कुठल्याही डिझायनरने सांगायच्या आधी कळलं होतं.

ज्यांनी पैसे भरून अधिकृत सर्व्हर धरला त्यांची अडचण वेगळी होती. युरोपातला गिल्ड रात्री आठला रेड, म्हणजे मोठ्या गटाने बॉस मारायची मोहीम, लावतो. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्या सकाळचे साडेसहा. सरकारी टेलिफोन कंपनीच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असायचं, म्हणून पोरं त्या खिडकीत बसेल असा गिल्ड शोधायची. वर भारनियमन. कॅफेचा यूपीएस फार तर सेव्ह करून उठण्यापुरता. बॉसचं रक्त दहा टक्क्यांवर आलेलं असताना सोलापूरची बत्ती गेली आणि टँकच, म्हणजे बॉसचे फटके अंगावर घेणारा गडी, गायब झाला की बाकीचे एकोणचाळीस जमिनीवर. असं दोनदा झालं की गिल्ड त्या पोराला राखीव बाकावर बसवायचा, आणि तिसऱ्यांदा गेलं की नाव काढून टाकायचा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत चार दिवस का येणार नाही, हे युरोपातल्या गिल्ड लीडरला पटवून देणं तर अशक्यच.

म्हणून वॉरक्राफ्टच्या २००९ आणि २०११ च्या दोन निर्णयांकडे इथून बघताना वेगळं चित्र दिसतं. जगभर या निर्णयांवर जेवढी भांडणं झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर झाली असतील.

डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरून पाच जण आपोआप जमतात आणि थेट डंजनच्या, म्हणजे पाच जणांच्या छोट्या मोहिमेच्या, दारात उतरतात. त्याआधी चौकात उभं राहून 'हीलर पाहिजे, हीलर पाहिजे' असं, म्हणजे जखमा भरून काढणारा गडी हवा म्हणून, तासभर ओरडावं लागायचं. टँक आणि हीलरला लगेच जागा मिळे, डीपीएसवाले, म्हणजे नुसते फटके मारणारे, रांगेत ताटकळत. नंतर टँक-हीलर म्हणून येणाऱ्यांना वरून बक्षीस द्यायची वेळ आली. नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस हीच सोय २५ जणांच्या रेडला लागली : रेड फाइंडर. डेथविंग या शेवटच्या ड्रॅगनपर्यंतचे आठ बॉस, चार-चारच्या दोन भागांत, सोपे करून. वस्तूही कमी दर्जाच्या : दर्जाचा आकडा इथे ३८४, साध्या रेडला ३९७, अवघड रेडला ४१०.

विरोधकांचं म्हणणं साधं होतं. अनोळखी पंचवीस जण, पुन्हा कधी भेटणार नाहीत, मग सभ्यपणे कोण वागणार? कोणी कोपऱ्यात नुसता उभा राहून लूट घ्यायचा, कोणी नको असलेल्या वस्तूवर 'नीड' (मला हवीच) टाकायचा, जरा चुकलं की किकचं, म्हणजे गटातून काढायचं, मतदान. सर्व्हरवर माणसाचं नाव असायचं, चोर कोण आणि शहाणा कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं, ते गेलं. आणि शेवटचा बॉस सगळ्यांनीच बघितला, तर पुढच्या आठवड्यात यायचं कशासाठी?

यातलं पहिलं खरं होतं. लुटीची भांडणं इतकी माजली की २०१२ मध्ये रेड फाइंडरची लूट प्रत्येकाला वेगळी द्यावी लागली. दुसरं मात्र तपासून घ्यायला हवं. रेड फाइंडरने खेळ मारला असं अजून छातीठोक सांगितलं जातं. कंपनीने त्या काळात जाहीर केलेले आकडे काय म्हणतात? ऑक्टोबर २०१० मध्ये वर्गणीदार १ कोटी २० लाख होते, हाच उच्चांक. मार्च २०११ ला १ कोटी १४ लाख, जूनला १ कोटी ११ लाख, सप्टेंबरला १ कोटी ३ लाख. म्हणजे गळती लागली ती रेड फाइंडर येण्याआधी, डंजन पुन्हा अवघड केलेल्या वर्षात. रेड फाइंडर आल्यावर डिसेंबर अखेर १ कोटी २ लाख आणि मार्च २०१२ लाही तेवढेच. हे सगळं श्रेय रेड फाइंडरचं नाही. त्याच सुमाराला वर्षभर वर्गणी भरायचं कबूल करणाऱ्याला डायब्लो ३ फुकट द्यायची योजना होती आणि तीत दहा लाखांवर लोक अडकले होते. तरीही 'त्यानेच मारला' हे या आकड्यांतून निघत नाही.

खरं कारण जुनं होतं. जून २००६ मध्ये आलेला नॅक्सरामास हा मूळ खेळातला शेवटचा रेड फारच थोड्या खेळाडूंनी आतून पाहिला. इतका खर्च करून बांधलेली जागा रिकामी, म्हणून २००८ मध्ये तोच नॅक्सरामास सोपा करून १० आणि २५ जणांसाठी परत आणला. फाइंडर ही त्याच विचाराची पुढची पायरी. आणि सोलापुरातल्या, भुसावळमधल्या, कुठल्याही आडगावच्या खेळाडूसाठी डेथविंग बघायची ती पहिली संधी होती. बत्ती गेली तर सव्विसावा कोणी येऊन जागा भरायचा, कोणाची शिवी खावी लागायची नाही, आणि सकाळी कॉलेज आहे म्हणून रेड चुकायचा नाही. गिल्डची मजा गेली म्हणणाऱ्यांना गिल्डने आत घेतलेलं होतं, एवढं या वादात कोणी फारसं बोललं नाही.

मात्र एक गोष्ट घडली. गिल्डला दिलेला शब्द हे लॉगिन करायचं कारण उरलं नाही, तेव्हा ती जागा कंपनीने रोजच्या कामांनी भरली. २०१२ च्या पांडारिया या वॉरक्राफ्टच्या विस्तारात डेली क्वेस्ट इतके झाले की लोक वैतागले. रोजचा हजेरीपट तसाच राहिला, फक्त तो तपासणारा माणूस गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ ने वस्तूंची चढती शिडी ठेवणार नाही अशी हवा केली होती आणि नोव्हेंबरमध्येच वरच्या दर्जाच्या 'असेंडेड' वस्तू आणल्या. ओरड झाली. पण पुढे त्यांनी हात आवरला : त्या खेळाची कमाल लेव्हल आजही ८० आहे आणि तेव्हाच्या वस्तू अजून चालतात. फायनल फँटसी १४ ने २०१३ च्या नव्या अवतारात वेगळीच वाट काढली. वरच्या लेव्हलच्या खेळाडूला जुन्या डंजनमध्ये पाठवून बक्षीस द्यायचं, त्याची ताकद तिथल्यापुरती कापायची, म्हणजे नवख्याला सोबत मिळते आणि जुन्याला काम. माझ्या मते या सगळ्यांत हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा, आणि त्याचीच नक्कल सगळ्यात कमी झाली.

वॉरक्राफ्टने २०१६ मध्ये पाच जणांच्या डंजनला घड्याळ लावलं. वेळेत संपवा, किल्ली किमान एक पायरी वर जाते, पुढचं डंजन आणखी अवघड. पायऱ्यांना वरची मर्यादा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे मोबाइल डेटा जवळपास फुकट झाला आणि सोलापुरातले कॅफे ओस पडायला लागले. त्यानंतरचा एंडगेम हातातल्या फोनवरचा.

सप्टेंबर २०२० मधला गेनशिन इम्पॅक्ट इथल्या पोरांनी आधी कुतूहलाने आणि मग नेमाने खेळला. त्यात बक्षिसाच्या दारावर रेझिन बसवलंय. आठ मिनिटांना एक. सुरुवातीला १२० पर्यंतच साठायचं, दोनेक महिन्यांत मर्यादा १६० झाली. म्हणजे २१ तास २० मिनिटांत टाकी भरायची आणि त्यापुढचं सगळं वाया. एका डंजनला २० रेझिन, त्यातून पडणारा आर्टिफॅक्ट कुठल्या गुणांचा निघेल ते नशिबावर, आणि तो २० पर्यंत चढवल्यावरही क्रिटच्या जागी डिफेन्स वाढलेला असू शकतो. इथे गिल्ड नाही, राखीव बाक नाही. मित्र विचारतो, "का बे, आज काय निघालं?" आणि दुसरा स्क्रीनशॉट दाखवतो, एवढाच काय तो समाज. २०२२ चा डायब्लो इमॉर्टल तर वेगाचाही हिशोब ठेवतो. ६० व्या लेव्हलनंतर पॅरागॉन नावाच्या जादा लेव्हल सुरू होतात आणि अख्ख्या सर्व्हरसाठी ठरलेली एक रेषा रोज वर सरकते. तिच्या मागे असाल तर जास्त अनुभव-गुण, पुढे गेलात तर कपात. फार खेळणाऱ्याला अडवायचं आणि मागे पडलेल्याला ओढायचं, दोन्ही एकाच नळाने.

जून २०२४ मध्ये गेनशिनने रेझिनची मर्यादा २०० केली. आता टाकी भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात, म्हणजे रोज साधारण त्याच वेळी एकदा डोकावलं तरी काही सांडत नाही. चार वर्षं मागितलेली ही सवलत मिळाल्यावर इथल्या पोरांनी आनंद केला. आशिया सर्व्हरचा दिवस मात्र आपल्या घड्याळात अजून रात्री दीडलाच बदलतो, आणि रोजची चार कामं राहिली असतील तर गजर एक वाजताचा लागतो.