ब्लेझर आणि न्यूट्रिनो : गॅमा किरणांच्या साक्षीची पार्श्वभूमी

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठून वैश्विक किरणांचा शोध लावला, तेव्हापासून हे किरण येतात कुठून, हा प्रश्न रेंगाळत आहे. ते विद्युतभारित कणांचे असल्यामुळे वाटेतली चुंबकीय क्षेत्रे त्यांची दिशा बदलतात आणि उगमाचा माग पुसला जातो. वैश्विक किरण जिथे घडतात, तिथेच न्यूट्रिनो नावाचे अतिशय हलके कणही जन्मतात, असे मानले जाते. न्यूट्रिनोला भार नसल्याने तो सरळ येतो. अडचण एवढीच, की तो क्वचितच कशावर आदळतो. म्हणूनच दक्षिण ध्रुवाच्या बर्फात दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर ५,१६० प्रकाशसंवेदक सोडून २०१० च्या अखेरीस आइसक्यूब वेधशाळा पूर्ण करण्यात आली. २०१३ मध्ये तिने सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या अतिउच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पुरावा मांडला.

संशयित मात्र त्याआधीच ठरला होता. ज्या दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला असतो, ती ब्लेझर. आणि १९९१ मध्ये कॉम्प्टन वेधशाळा व २००८ मध्ये फर्मी दुर्बीण अवकाशात गेल्यावर गॅमा किरणांच्या, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाशाच्या, आकाशात ब्लेझरच उठून दिसू लागले. झोतातले प्रोटॉन प्रकाशकणांवर आदळले, तर पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. त्यांपैकी भाररहित पायॉन गॅमा किरण देतात आणि भारित पायॉन न्यूट्रिनो. तथापि गॅमा किरण इलेक्ट्रॉनांपासूनही निघू शकतात, त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून प्रोटॉनांचे अस्तित्व सिद्ध होत नाही.

२२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे २९० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या एका न्यूट्रिनोने बर्फात निळसर प्रकाशाची रेघ उमटवली आणि अवघ्या ४३ सेकंदांत जगभरच्या दुर्बिणींना इशारा गेला. त्या दिशेला, मृग नक्षत्रात, टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर काही महिन्यांपासून भडकलेला असल्याचे फर्मीच्या नोंदींत आढळले. ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणींनाही त्याचे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण दिसले. हा योगायोग नसल्याची खात्री तीन सिग्माच्या (निष्कर्ष किती पक्का, हे सांगणाऱ्या मापाच्या) आसपास होती, म्हणजे शोध म्हणावा इतकी नव्हे; त्यासाठी पाच सिग्मा लागतात.

खरा पेच जुन्या नोंदी चाळल्यावर निर्माण झाला. २०१४-१५ च्या हिवाळ्यात याच दिशेकडून सुमारे १३ न्यूट्रिनो जास्त आले होते, पण त्या काळात गॅमा किरणांत ब्लेझर शांत होता. याचा एक अर्थ असा लावला जातो, की न्यूट्रिनो घडवायला लागणारा दाट प्रकाशच गॅमा किरणांना गिळून टाकतो. फर्मीच्या यादीतील ब्लेझरांचा एकत्रित वाटाही एकूण न्यूट्रिनो-प्रवाहाच्या सुमारे एक चतुर्थांशाहून अधिक नसावा, असे आइसक्यूबच्याच विश्लेषणातून निघाले होते. २०२२ मध्ये ज्या उगमाचा अधिक भक्कम, ४.२ सिग्मा इतका पुरावा मिळाला, ती एनजीसी १०६८ दीर्घिका तर ब्लेझरच नाही, आणि तिच्याकडून न्यूट्रिनोंच्या तोडीचे गॅमा किरणही येत नाहीत.