जॅगिड आणि रॅगिड: तुटलेली कड आणि विरलेली कड

इंग्रजीतील ‘जॅगिड’ (jagged) आणि ‘रॅगिड’ (ragged) ही विशेषणे उच्चाराने जवळची आहेत आणि दोन्ही सरळ नसलेल्या कडेविषयीच बोलतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे वापरले तरी चालेल असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे. फुटलेल्या बाटलीची कड जॅगिड असते आणि वापरून वापरून विरलेल्या बाहीची कड रॅगिड असते. पहिली बोट कापते, दुसरीचे धागे बोटात अडकतात. म्हणून शब्द निवडताना कडेच्या आकाराआधी ती वस्तू टणक आहे की मऊ, आणि ती फुटली आहे की झिजली आहे, हे पाहावे.

जॅगिड म्हणताना डोळ्यांसमोर अणकुचीदार, कमीजास्त उंचीची आणि कोणत्याही क्रमात न बसणारी टोके यावी लागतात. फुटकी काच, फाटलेला पत्रा, समुद्रातून वर आलेले खडक, पर्वतांच्या सुळक्यांची रांग, आकाशात वेडीवाकडी उतरणारी वीज या सर्वांना हे विशेषण शोभते. आलेखावरची रेषा क्षणात वर आणि क्षणात खाली जात असेल तर तीही जॅगिडच. मुळातील ‘जॅग’ या शब्दाचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेचा आहे, कारण मध्ययुगीन इंग्रजीत तो कपड्याच्या कडेला शोभेसाठी कापून काढलेल्या टोकांना लावला जात असे. कापडावरचा हा शब्द पुढे काच, दगड आणि धातू यांच्याकडे गेला आणि आज तो तिथेच स्थिरावला आहे.

रॅगिडमध्ये ‘रॅग’ म्हणजे चिंधी उघडपणे दिसते. दशा निघालेले कापड, वाऱ्याने विस्कटलेले ढग, न विंचरलेली दाढी यांना रॅगिड म्हणतात. दोन्ही शब्दांतला सर्वांत उपयोगी भेद माझ्या मते असा की रॅगिड हे विशेषण माणसालाही लागते, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘फाटक्या कपड्यांतला’ असा होतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अत्यंत गरीब मुलांसाठी ज्या मोफत शाळा चालत, त्यांना ‘रॅगिड स्कूल’ म्हणत, आणि लंडनमध्ये 1844 साली त्यांचा संघही स्थापन झाला. या नावातला शब्द शाळेच्या इमारतीचे नव्हे, तर मुलांच्या अंगावरच्या कपड्यांचे वर्णन करतो. तिथे जॅगिड घातला तर वाक्याला अर्थच उरत नाही.

रॅगिडमध्ये मेळ नसण्याचीही एक छटा आहे, जी मराठी अर्थ शोधताना हमखास सुटते. धापा टाकणाऱ्या माणसाचा तुटक श्वास, सैनिकांची विस्कळीत रांग, सर्वांनी एकदम न वाजवल्यामुळे इकडूनतिकडून उमटलेल्या टाळ्या, हे सारे रॅगिड. छपाईतही हा शब्द आहे: ओळी डावीकडे एका रेषेत सुरू होऊन उजवीकडे कमीजास्त लांबीवर संपत असतील, तर त्या मांडणीला ‘रॅगिड राइट’ म्हणतात. ओळींची टोके बोचत नाहीत, ती केवळ जुळत नाहीत, हे लक्षात घेतले की शब्दाची निवड पटते.

काही ठिकाणी मात्र दोन्ही शब्द चालतात. हाताने फाडलेल्या कागदाची कड टोकदार दिसली तर जॅगिड, तंतू सुटल्यासारखी दिसली तर रॅगिड; निर्णय पाहणाऱ्याचा. संगणकाच्या भाषेत ज्या सारणीच्या ओळींची लांबी सारखी नसते, तिलाही ही दोन्ही नावे आहेत.

मराठीतून विचार करणाऱ्याला खरा चकवा देतो तो ‘दातेरी’ हा शब्द. सुरीच्या दातेरी पात्यासाठी इंग्रजीत ‘सरेटेड’ म्हणतात, जॅगिड नव्हे. सरेटेडचे मूळ करवत या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि करवतीचे दाते जसे एकसारखे व ओळीने असतात तशीच कड त्यातून सुचते. गुलाबाच्या पर्णिकेची कड सरेटेड असते. पाव कापायची सुरी जॅगिड आहे असे लिहिले तर वाचणाऱ्याला ती तुटलेली वाटेल. ‘रगिड’ (rugged) आणि ‘रफ’ हे शब्द कडेपेक्षा पृष्ठभागाकडे जास्त झुकतात. खडबडीत डोंगराळ प्रदेश रगिड, तर हाताला खरखरीत लागणारे लाकूड रफ. ‘अनईव्हन’ सर्वांत सौम्य असून केवळ असमानता सांगतो.

उच्चाराची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जॅगिड आणि रॅगिड या विशेषणांत शेवटचा ‘इड’ स्वतंत्रपणे ऐकू येतो, ‘नेकिड’ आणि ‘विकिड’ यांच्यात येतो तसाच. ‘जॅग’ या क्रियापदाच्या भूतकाळी रूपाचे स्पेलिंग हेच असले तरी त्याचा उच्चार ‘जॅग्ड’ असा एका दमात होतो, त्यामुळे विशेषण वाचताना तो उच्चार केला तर चूक ठरते.