आयलॅश व्हायपर

दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबिया, इक्वेडोरपर्यंतच्या दमट जंगलांत झाडांवर राहणारा विषारी साप. डोळ्यांवरचे टोकदार खवले पापणीच्या केसांसारखे उभे असतात, त्यावरून हे नाव पडले. बोथ्रिएकिस श्लेगेली हे शास्त्रीय नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हर्मान श्लेगेल यांच्यावरून आले असून मूळ वर्णन १८४६ चे आहे. एकच जाती मानला गेलेला हा साप प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह असल्याचे पुढे दिसून आले. २०२४ मध्ये कोलंबिया व इक्वेडोरमधून त्यातल्या पाच नव्या जातींचे वर्णन झाले.

सापाची लांबी बहुधा पाऊण मीटरच्या आत असते. रंग मात्र थक्क करणारे: हिरवा, राखाडी, तपकिरी, गुलाबीसर आणि झळझळीत पिवळा. या पिवळ्या रूपाला कोस्टा रिकात ‘ओरोपेल’ म्हणतात. एकाच मादीच्या एका विणीत वेगवेगळ्या रंगांची पिल्ले निघू शकतात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. शेपटीने फांदीला विळखा घालून हा साप तासन्‌तास निश्चल बसतो आणि सरडे, बेडूक, उंदीर, लहान पक्षी टप्प्यात येण्याची वाट पाहतो. डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खळगीमुळे त्याला अंधारातही उष्ण रक्ताचे भक्ष्य जाणवते. सह्याद्रीत आढळणारा मलबारी चापडा याच उपकुळातला. तोही हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत दिसतो.

या रंगांमुळेच अमेरिका आणि युरोपातल्या विषारी साप पाळणाऱ्यांमध्ये त्याला मोठी मागणी आहे. आकार लहान, दिवसभर एकाच फांदीवर बसून राहण्याची सवय, त्यामुळे तो शांत वाटतो, आणि धोका नेमका इथेच आहे. पानांत बेमालूम मिसळलेला साप पिंजरा साफ करणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतो, आणि त्याची झेप विजेसारखी असते. दंशाने तीव्र वेदना व सूज येते, ऊती सडू शकतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते. मृत्यूही झालेले आहेत. कोस्टा रिकातली क्लोदोमिरो पिकादो संस्था मध्य अमेरिकेतल्या अशा सापांसाठी प्रतिविष बनवते. भारतातले नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून तयार होते. आयलॅश व्हायपरच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून योग्य प्रतिविष हाताशी असल्याखेरीज हा साप घरात आणणे म्हणजे स्वतःच्याच नव्हे, घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळणे होय.