तिरप्या बाष्पातून घडणारी स्फटिकांची शिस्त

अतिसंवाहक फीत, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचा थर दिलेली धातूची पट्टी, बनवण्यातली खरी अडचण रसायनापेक्षा स्फटिकांच्या मांडणीत आहे. १९८७ साली सापडलेले इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड सुमारे ९२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होते, म्हणजे ७७ केल्विनला उकळणाऱ्या, तुलनेने स्वस्त द्रव नायट्रोजनमध्ये ते काम देते. परंतु शेजारच्या दोन स्फटिककणांच्या दिशांत थोड्या अंशांचा फरक पडला, तरी त्यांच्या सीमेवर प्रवाह वाहण्याची क्षमता झपाट्याने घसरते. म्हणून फितीवरचे असंख्य कण सर्व अक्षांत एका दिशेला वळवावे लागतात, आणि खालच्या धातूचे कण तर वाटेल तसे पसरलेले असतात.

यावरचा एक उपाय निव्वळ भूमितीचा आहे. निर्वात कक्षात, अतिसंवाहकाखालचा पायाचा थर म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडचे बाष्प ज्या धातूच्या फितीवर बसवायचे, ती बाष्पाच्या वाटेत तिरपी धरतात. आरंभी कण कोणत्याही दिशेने रुजतात. पण उंच कणांची छाया मागच्यांवर पडते, आणि दाट पेरलेल्या शेतात बुटकी रोपे खुरटावीत तसे छायेतले कण मागे पडून गाडले जातात. ज्यांची वेगाने वाढणारी दिशा बाष्पाला अनुकूल असते, तेच वर उरतात. फीत फार तापवली तर अणू पृष्ठभागावर सरकून छायेतल्या जागा भरून काढतात आणि ही निवड बिघडते. निवडीला जाडीही लागते, काही मायक्रोमीटरची.

आयनझोताची, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या झोताची, पद्धत याबाबतीत फार काटकसरी आहे: थर बसत असतानाच पृष्ठभागाच्या लंबाशी ४५ अंशांनी आयनांचा मारा केला, तर त्याच ऑक्साइडमध्ये सुमारे १० नॅनोमीटरमध्येच शिस्त येते. तरीही तिरप्या फितीची पद्धत मला अधिक चतुर वाटते, कारण तिला आयनांचा स्रोत लागत नाही आणि बाष्पाचा थर भराभर चढवता येतो. जर्मनीतील थेवा ही कंपनी तिचाच वापर करते.

मात्र या थरातील स्फटिकांची प्रतले फितीला समांतर न राहता कललेली असतात. त्यावर वाढणारा अतिसंवाहक थरही कलतो, आणि त्यातला प्रवाह मुख्यतः तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांतूनच सुरळीत वाहत असल्याने, कलाच्या दिशेने जाताना त्याला प्रतले ओलांडावी लागतात. त्यामुळे फीत कोणत्या बाजूने तिरपी धरायची, हे ती पुढे कोणत्या दिशेने वीज वाहणार आहे ते पाहूनच ठरवावे लागते.