गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहिला आणि जोडीला लघवीतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम वा अधिक प्रथिन जाऊ लागले, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. प्रथिन नसले तरी यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम दिसल्यास निदान तेच. वाढलेला दाब हे वरवरचे लक्षण. खरी इजा रक्तवाहिन्यांच्या आतल्या, जेमतेम एका पेशीच्या जाडीच्या अस्तराला होते.

सुरुवात वारेपासून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटापासून होते. एरवी वारेतील पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरून त्यांची स्नायूंची भिंत मोडतात आणि त्यांना रुंद, सैल करतात. हे काम अर्धवट राहिले की वारेला रक्त अपुरे पडते आणि ती आईच्या रक्तात एसएफएलटी-१ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडते. अस्तराच्या पेशी ज्यावर तगतात तो व्हीईजीएफ हा वाढघटक हे प्रथिन वाटेतच पकडून ठेवते. २००३ साली गाभण उंदरांना एसएफएलटी-१ देताच त्यांच्यात रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन, दोन्ही वाढले. कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या व्हीईजीएफरोधक औषधांनीही हेच होते.

पोषण तुटलेले अस्तर वाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी बनवते व त्या आवळणारे एंडोथेलिन जास्त. वाहिन्या आवळतात, प्लेटलेट चिकटू लागतात. मूत्रपिंडातील गाळणीच्या केशिकांत तर पेशी इतक्या फुगतात की रक्ताची वाट जवळपास बुजते आणि पेशींमधली बारीक छिद्रे नाहीशी होतात.

अस्तर झिरपू लागल्याने पाणी ऊतींत उतरते: अंगावर सूज, पण वाहिन्यांत रक्त घट्ट. म्हणूनच लघवी कमी झाली म्हणून सलाइन ओतत राहणे घातक; ते फुप्फुसांत साचते. रक्तदाबाची औषधे मेंदूतील रक्तस्राव टाळतात आणि मॅग्नेशियम सल्फेट आकडीचे झटके रोखते, पण अस्तर यांनी दुरुस्त होत नाही. त्यासाठी प्रसूती होऊन वार बाहेर पडावी लागते.

तरीही धोका त्याच दिवशी सरत नाही. प्रसूतीनंतर ३ ते ६ दिवसांत रक्तदाब पुन्हा चढू शकतो, झटकेही येऊ शकतात. घरी गेलेल्या बाळंतिणीला तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे जाणवल्यास ते थकव्यावर न ढकलता तातडीने रुग्णालय गाठावे.