गेल्या वर्षीचं उत्तर कुठे गेलं? छोट्या संकेतस्थळांची आणि वेगवान फीडची पार्श्वभूमी

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) झाली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: पोंग्यात (डोळे फुटण्याच्या वेळी) पाऊस झालाय, डाउनीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी) काय मारू? दहा मिनिटांत चार-पाच उत्तरं येतात, पानांचे फोटो येतात, एखाद्याची बाग त्यानं वाचतेही. पुढच्या ऑक्टोबरात तोच प्रश्न, तितक्याच काळजीनं, पुन्हा विचारला जातो. गेल्या वर्षीचं उत्तर त्याच ग्रुपात असतं, पण वर्षभराचे शुभसकाळ, कांद्याचे भाव आणि वाढदिवस यांच्याखाली ते शोधणार कोण?

लिहिलेलं लगेच पोचणं आणि लिहिलेलं नंतर सापडणं यांची फारकत कधी झाली, हे पाहायला तीसेक वर्षं मागं जावं लागतं. नाशिकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. गोदाघाटावर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला भरते. या दोन्ही ठिकाणी माणूस स्वतःहून, ठरवून जातो. इंटरनेटचं सुरुवातीचं रूप याच जातीचं होतं, असं मला वाटतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं खुलं केलं, तेही मोजक्या महानगरांत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी सायबर कॅफे दिसू लागले. तासावर पैसे मोजायचे असल्यामुळे तिथं जाण्याआधी काय पाहायचं ते डोक्यात पक्कं असे. १९९४ ला सुरू झालेल्या जिओसिटीजवर फुकटात स्वतःचं पान थाटता यायचं. भडक रंग, हलणारी चित्रं, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. आज ती पानं बघून हसू येईल, पण प्रत्येक पानावर ते बनवणाऱ्याचा हात दिसायचा.

मराठीची अडचण मात्र वेगळीच होती, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक स्थळाचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. शोधयंत्राला त्यातलं एक अक्षर कळत नसे, म्हणजे लिहिलेलं असूनही नसल्यासारखं. सगळ्या लिप्यांची अक्षरं प्रत्येक संगणकावर सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरवलेल्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घरच्या संगणकांवर सरसकट उमटू लागली ती विंडोज एक्सपीच्या काळात, २००१ नंतर. पुढचा मराठी बहर या एका तांत्रिक गोष्टीवर उभा आहे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. १९९६ पासून चालत आलेल्या मायबोली या मराठी लेखन-चर्चेच्या स्थळाच्या जोडीला तसंच मनोगत आलं, २००७ ला मिसळपाव आणि उपक्रम आले.

या जागा लहान होत्या. शुद्धलेखनावरून, पाककृतीतल्या गुळाच्या प्रमाणावरून दोन-दोन दिवस वाद चालत. भांडणंही कडवट होत, ते मी लपवणार नाही. पण भांडणारी माणसं एकमेकांना ओळखत. कुणाचं मत तीन वर्षांपूर्वी काय होतं, याचा दुवा समोर ठेवता येई. संपादक होते, चालकांनी ठरवलेले नियम होते, आणि ते पटले नाहीत तर उठून दुसरं स्थळ काढण्याची सोय होती. तशी स्थळं निघालीही. ब्लॉग लिहिणारे एकमेकांच्या ब्लॉगचे दुवे आपल्या पानाच्या कडेला लावत, आणि नवं काही आलं की ते २००५ ला आलेल्या गूगल रीडरमध्ये तारखेच्या क्रमानं मिळे.

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकनं न्यूज फीड आणलं. तोवर मित्राची खबर घ्यायला त्याच्या पानावर जावं लागे, आता सगळ्यांच्या खबरी आपल्यापुढे येऊन पडू लागल्या. २००९ ला लाइकचं बटण आलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात याहूनं जिओसिटीज बंद केलं. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर गेलं, ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट हे गूगलचंच समाजमाध्यम. शाळेच्या तुकडीपासून पेठेपर्यंत कशाच्याही नावानं आपल्याकडे ऑर्कुटवर कम्युनिटी निघालेल्या होत्या.

मला निर्णायक वाटतं ते २०१६. ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनीही त्या वर्षी तारखेचा क्रम मोडून, आधी काय दाखवायचं हे यंत्रावर सोपवलं. सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की ठरवून इंटरनेटवर जाण्याची गरजच उरली नाही. चांदवड-सुरगाण्यातल्या ज्या माणसाला संगणक कधी मिळालाच नाही, तो याच वेळी पहिल्यांदा ऑनलाइन आला. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. त्याच्या वाट्याला मात्र पहिल्या दिवसापासून फक्त प्रवाह आला. नावगाव असलेली, मागं जाऊन वाचता येईल अशी जागा त्यानं पाहिलीच नाही.

या वेगाची किंमत आपल्या शेजारी मोजली गेली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्याच सुमारास मालेगावात जमावानं घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी सोडवलं. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून हातोहात पसरत होत्या. मूळ मजकूर कुणी, कुठे, कधी लिहिला हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी ५ जणांनाच किंवा ग्रुपांनाच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि त्यावर 'फॉरवर्डेड' अशी खूण लावायला सुरुवात केली.

स्वतःच्या पानाकडे वळा, असं म्हणणारी मंडळी जगभर त्याआधीपासून होती. आपलं लेखन आपल्याच संकेतस्थळावर ठेवा म्हणणारी इंडीवेब ही चळवळ २०११ ची, जिओसिटीजची आठवण नावातच ठेवणारं, फुकटात पान थाटू देणारं निओसिटीज २०१३ चं, एका कंपनीच्या हाती नसलेलं मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम २०१६ चं. आकड्यांत ही सगळी फेसबुकपुढे किरकोळच.

निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलंच. तिथल्या पक्ष्यांचे सुंदर फोटो दर हिवाळ्यात इन्स्टाग्रामवर येतात आणि दोन दिवसांत खाली जातात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाच वर्षांपूर्वी कधी उतरले होते, हे विचारायचं तर असा माणूस गाठावा लागतो ज्यानं तारीख, पाण्याची पातळी आणि संख्या कुठल्यातरी साध्या पानावर ओळीनं लिहून ठेवली आहे. डाउनीच्या फवारण्यांची अशी नोंद कुणा बागायतदारानं ठेवली असेल, तर येत्या ऑक्टोबरात ग्रुपवर त्या पानाचा दुवा टाकता येईल.