खाणीचं दप्तर

21 मार्च 1973. इंग्लंडमधल्या वेकफील्डजवळच्या लॉफ्टहाउस कोळसा खाणीत रात्रपाळी चालू असताना अचानक पाण्याचा लोंढा घुसला आणि सात कामगार दगावले. पाणी आलं होतं एकोणिसाव्या शतकात सोडून दिलेल्या शेजारच्या जुन्या खाणीतून. चौकशीत निघालेली गोष्ट मात्र जास्त जिव्हारी लागणारी होती. त्या जुन्या कामांची माहिती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टिपणवह्यांत होती. कुणी त्या उघडून पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

बंद केलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करण्याची सक्ती ब्रिटनमध्ये 1872 च्या कायद्याने आली. त्याआधीचे नकाशे शोधायचे तर जमीनदारांची दप्तरं, भाडेपट्टे आणि वकिलांची जुनी कागदपत्रं चाळावी लागतात. नकाशा हाती लागला तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. हे नकाशे होकायंत्रावर आखलेले, आणि होकायंत्राची उत्तर दिशा सरकत असते. 1820 च्या सुमाराला लंडनमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे 24 अंश पश्चिमेला वळलेली होती, आज ती जवळजवळ उत्तरेलाच आहे. वीस अंशांची चूक दुरुस्त न करता पाचशे मीटर लांबीचा बोगदा आजच्या नकाशावर बसवला, तर त्याचं टोक सुमारे 175 मीटर बाजूला जातं. पोकळी एकीकडे आणि आपण घर बांधतोय दुसरीकडे, अशी समजूत करून घ्यायला एवढं पुरतं.

शाफ्ट, म्हणजे खाणीची उभी विहीर, खणताना लागलेल्या प्रत्येक थराची जाडी लिहून ठेवत. मोजमाप फॅदममध्ये, म्हणजे सहा-सहा फुटांत. खडकांची नावं कामगारांच्या बोलीतली, त्यामुळे आधी ती बोली शिकावी लागते. पण वर शहर वसलेलं असेल आणि तिथे पुन्हा छिद्र पाडणं शक्य नसेल, तर खालच्या खडकांचा एवढा तपशील दुसरीकडे कुठे मिळणार?

घराण्याचा शोध घेणारे बहुधा दुसऱ्याच कागदांकडे वळतात. 1850 च्या कायद्यानंतर नेमलेल्या खाण निरीक्षकांच्या अहवालांत जीवघेण्या अपघातांच्या याद्या असतात: कामगाराचं नाव, काम, मृत्यूचं कारण. 'ट्रॅपर' असं काम लिहिलेलं असेल, तर तो हवा खेळती ठेवणारी दारं उघडझाप करत अंधारात बसणारा, बहुतेक वेळा लहान मुलगा. बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना जमिनीखाली कामाला 1842 मध्ये बंदी झाली.

मला गंमत वाटते ती अशी की या यादीतली एकच ओळ घराण्याचा शोध घेणारा आणि भूवैज्ञानिक, दोघांनाही कामाची असते. पणजोबा 'छत कोसळून' गेले, हे कुटुंबाला कळतं. त्याच थरात पुन्हा पुन्हा छत कोसळत असेल, तर वरचा खडक कच्चा आहे, हे भूवैज्ञानिकाला. वारंवार स्फोट होत असतील तर कोळशात मिथेन भरपूर आहे असं धरायला हरकत नाही.

अडचण वेगळीच आहे. चाळीस वर्षं काम करून जो धडधाकट घरी गेला, त्याचं नाव या यादीत नसतंच. त्याच्यासाठी जनगणनेतून वस्ती शोधायची, वस्तीवरून खाणीचा अंदाज बांधायचा आणि मग नकाशा उघडायचा. कित्येक नकाशांवर कोळसा कुठपर्यंत काढला ती रेषा तारखेसकट आखलेली असते. तो कामाला होता त्या वर्षांच्या दोन रेषा शोधल्या की मधली पट्टी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पोखरलेली.